विसावीचं घर

हेदिला गेली तेव्हा मिर्तो रडली नाही. छाती पिटणं, केस कापून टाकणं, गळा काढायला भाड्याच्या बायका आणणं, यातलं काही त्या घरात कधी झालंच नव्हतं. शेजारची गोर्गो, मासे खारवणाऱ्याची बायको, उंबऱ्याशी वाट बघत उभी होती, की आता तरी म्हातारी हंबरडा फोडेल. मिर्तोने हेदिलाचं तोंड ओल्या फडक्याने पुसलं, हनुवटीखालून पट्टी बांधली आणि म्हणाली, "जरा पाय धर तिचे. मला एकटीला उचलत नाही."

"मावशी, अगं रड तरी! असं आत कोंडून ठेवलंस तर अंथरूण धरशील."

"तिला आता काही दुखत नाही, गोर्गो. मग रडायचं कुणासाठी?"

हे बोलणं मिर्तोचं नव्हतं, फेदिमोसचं होतं. हे घर त्याचंच. तरुणपणी तो अथेन्सला गेला, तिथे बागेत शिकवणाऱ्या तत्त्वज्ञांपाशी बसून शिकला, आणि आपल्या गावी, लाम्प्साकोसला, परत येऊन बंदराच्या वरच्या चढावर हे घर आणि मागची बाग घेऊन राहिला. तो सांगायचा ते फार थोडं होतं. देवांना आपल्याशी काही देणंघेणं नाही, तेव्हा त्यांना घाबरू नका. मरण आलं की आपण नसतो आणि आपण असतो तोवर ते नसतं, तेव्हा त्यालाही घाबरू नका. पोटाला भाकरी आणि पाणी पुरतं. आणि आयुष्यात जे काही मिळतं त्यात सगळ्यात मोठं म्हणजे मित्र.

दर महिन्याच्या विसाव्या दिवशी सगळे मित्र एकत्र जेवायचे. गावाने त्या जेवणाला विसावी नाव पाडलं आणि जेवणाऱ्यांना विसावीवाले. त्या घरात बायका पुरुषांच्या पंक्तीला बसत, गुलाम मालकाशेजारी बसत, आणि सगळे फेदिमोसला अरेतुरे करत. गावाला देवाधर्मापेक्षा हेच जास्त झोंबायचं. "शिकवणाऱ्याला 'ए फेदिमोस' म्हणतात, आणि म्हणे तत्त्वज्ञ!"

मिर्तो त्या घरात आली तेव्हा तिचं लग्न मोडलेलं होतं आणि अक्षरओळख बेताची होती. पहिल्याच विसावीला फेदिमोसने तिला विचारलं, "तुला काय वाटतं?" आजवर कुणी तिला असं विचारलेलं नव्हतं. ती परत गेलीच नाही.

मग एकेक कमी होत गेलं. एकजण राजाचा वैद्य म्हणून अंतिओखला गेला. कुणी साथीच्या तापात गेले. फेदिमोस मुतखड्याने गेला, शेवटपर्यंत मित्रांची नावं घेत. नवीन पोरं येईनाशी झाली. ज्यांना दरबारी जायचं असतं त्यांना अथेन्समधली ओसरी बरी वाटते. तिथे एका रंगवलेल्या ओसरीत बसणारे तत्त्वज्ञ कर्तव्य शिकवतात, मन दगडासारखं करायला शिकवतात, आणि राजांना असली माणसं लागतात. शेवटी घरात मिर्तो आणि हेदिला अशा दोघी उरल्या. दोघी भांडायच्या, बागेत शेंगा लावायच्या, विसावीला दोघीच बसून जेवायच्या. आणि आता हेदिलाही गेली.

गेलेल्या मित्राची आठवण गोड असते, वाळवलेल्या अंजिरासारखी, हळूहळू चघळत राहावी, असं फेदिमोस म्हणायचा. मिर्तोने मनापासून प्रयत्न केला. दुपारी बागेतल्या बाकावर बसायची आणि एकेकाला आठवायची. पण एकदा तिला फेदिमोसच्या कुत्र्याचं नाव आठवेना. "अगं हेदिला, ते कुत्रं, ते पिवळं..." म्हणून तिने मान वळवली, आणि मान तशीच राहिली. विचारायला कुणी नव्हतं. आठवणीलाही दुसरं माणूस लागतं, "छे गं, तसं नाही, असं झालं होतं" म्हणणारं, हे फेदिमोसने सांगितलं नव्हतं. त्याला ठाऊक असायचं कारणच नव्हतं. तो भरल्या घरात मेला.

त्या वर्षी हिवाळा लवकर आला. उत्तरेचा वारा सुटला की सामुद्रधुनीतून वर जाणारी गलबतं बंदरात अडकून पडतात आणि गावात नाही नाही ती माणसं हिंडू लागतात. विसावीच्या दिवशी दुपारी दार वाजलं तेव्हा मिर्तोला वाटलं, एखादा खलाशी पाणी मागायला आला असेल.

"कोण आहे?"

"मी. देक्सिपोस. उशीर झाला गं. जेवणं आटोपली का?"

मिर्तोने अडसरावरचा हात काढून घेतला. आवाज पिकला होता, पण दर वाक्याच्या शेवटी उचलला जायचा तो तसाच. हा आवाज ती मेल्यावरही विसरली नसती, असं तिच्या मनात आलं, आणि त्या घरात असं म्हणायची सोय नव्हती हेही लगेच आठवलं.

देक्सिपोस किझिकोस शहरातला. या घरात आलेल्यांत सगळ्यात तल्लख. त्याने तोंड उघडलं की माणसं हातातला घास विसरायची. मग एके सकाळी तो कुणाला न सांगता निघून गेला, अथेन्सच्या ओसरीवाल्यांना जाऊन मिळाला, आणि तिथून त्याने फेदिमोसच्या घराबद्दल एक छोटंसं पुस्तक लिहिलं. हे लोक जगाला भाकरी-पाणी सांगतात आणि स्वतः ओकून ओकून पुन्हा खातात. यांच्यात मैत्री म्हणजे काय, तर बायका सगळ्यांनी वाटून घ्यायच्या. आणि खाली नाव घातलं होतं, मिर्तो, अमुक गल्लीतली, अमक्याची मुलगी. न्हाव्यांच्या दुकानांत, कुस्तीच्या आखाड्यांत लोकांनी ते मोठ्याने वाचलं, पोट धरून हसले. "वारा आहे, निघून जाईल," फेदिमोस म्हणाला होता. बाकीच्यांसाठी गेलाही. मिर्तोच्या भावाने मात्र तिला दार कायमचं बंद केलं. आई गेली तेव्हा मिर्तो गावाबाहेरच्या थडग्यांमागे उभी राहून तिरडी जाताना बघत होती. भावाने बघितलं, आणि रस्त्यावर थुंकला.

"जेवणं आटोपली," मिर्तो दाराआडून म्हणाली. "केव्हाच आटोपली. चालता हो."

"असं काय करतेस? वारा केवढा सुटलाय. फेदिमोसला सांग ना मी आलोय म्हणून."

"त्याचं नाव तुझ्या तोंडी नको! जा तुझ्या ओसरीवर. तिथे शिकवतात ना, शहाण्याला थंडी वाजत नाही? मग बस बाहेर शहाण्यासारखा."

बाहेर काही हललं नाही. मिर्तो आत जाऊन चुलीपाशी बसली. मसूर शिजत होते. थोड्या वेळाने गोर्गोचा आवाज आला, अख्ख्या चढाला ऐकू जाईल असा.

"मावशी! अगं दारात हा म्हातारा कोण बसवून ठेवलायस? एका पायात चप्पल नाही त्याच्या, बोटं निळी पडलीत. खलाशी म्हणतात, किझिकोसला गलबतावर चढला, आणि कुठे जायचंय विचारलं की 'फेदिमोसच्या घरी' एवढंच घोकतोय. मी म्हटलं, बाबा, फेदिमोसची हाडंसुद्धा उरली नसतील! तर माझ्याकडे बघून हसतो. उघड गं बाई, मेला तर तुझ्या उंबऱ्यावर मरेल."

मिर्तोने दार उघडलं. समोर एक वाळलेला माणूस होता. दाढी विस्कटलेली, शाल मात्र चांगल्या लोकरीची. त्याने तिला नीट न्याहाळलं आणि अदबीने मान लववली.

"बाई, तुम्ही नवीन दिसता. मिर्तो आहे का घरात?"

टोमणा मारतोय, असं तिला वाटलं. त्याची जीभ तशीच होती पहिल्यापासून. पण त्याच्या डोळ्यांत टोमणा नव्हता. त्यात काहीच लपवलेलं नव्हतं.

"आत या," ती म्हणाली.

तो तडक आतल्या खोलीत गेला, खिडकीखालच्या बाकावर, त्याच्या ठरलेल्या जागी. बाकाचा एक पाय मोडला होता, तिथे दगड लावलेला होता. त्याला ते दिसलंही नाही. मिर्तोने वाडगं पुढे ठेवलं. त्याने घास घेतला, आणि मान हलवली.

"मीठ कमी. आज हेदिलाची पाळी दिसते. ती कायम मीठ विसरते."

मिर्तो समोरच्या बाकावर टेकली. हेदिला मीठ विसरायची, आणि ती गेल्यापासून मिर्तो मुद्दाम मीठ कमी घालत होती. जगात हे आता कुणालाच ठाऊक नाही, असं ती धरून चालली होती.

"बाकीचे कुठे गेले?" त्याने विचारलं.

त्या घरात एक नियम होता. मित्राने मित्राला खरं सांगायचं, कडू असलं तरी. त्यावाचून मैत्री म्हणजे नुसतं गोडबोलेपण, असं फेदिमोस म्हणायचा. मिर्तोने सांगितलं. फेदिमोस गेला. लिसिस साथीच्या तापात गेला, अंतिओखच्या वैद्याचं काय झालं ठाऊक नाही. हेदिला या शरदात गेली.

देक्सिपोसने वाडगं खाली ठेवलं. "हेदिला? पण ती तर माझ्याहून लहान आहे!" आणि मग तो असा रडला, की भिंतीपलीकडून गोर्गो धावत आली. तोंड उघडं टाकून, शेंबूड न पुसता, लहान पोरासारखा. ज्या रडण्याची गोर्गो शरदापासून वाट बघत होती, ते या घरात आलं, पण भलत्याच माणसाच्या गळ्यातून. मिर्तो हातात पळी घेऊन उभी होती. तिच्या गालावरून पाणी येत होतं ते तिला गोर्गोने सांगितल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठला, बागेत गेला, हातपाय धुतले आणि म्हणाला, "बाई, फेदिमोस उठला का?"

मिर्तोने पुन्हा सांगितलं. तो पुन्हा रडला, तितकाच, जणू पहिल्यांदाच. तिसऱ्या वेळी मात्र मिर्तोचा संताप झाला. दुःख त्याच्या अंगावरून पाण्यासारखं ओघळून जातंय, आणि आपण आपली वर्षानुवर्षं उरावर घेऊन बसलोय! तिने त्याच्यासमोर बसून त्याची मनगटं धरली.

"इकडे बघ. तू एक पुस्तक लिहिलंस. आठवतंय?"

"मी? लिहायचंय खरं. फेदिमोस म्हणतो, घाई करू नको."

"या घराबद्दल लिहिलंस. मिर्तोबद्दल लिहिलंस." आणि तिने सगळं सांगितलं, शब्दन् शब्द. त्या पुस्तकातली वाक्यं तिला पाठ होती. भावाचं दार सांगितलं, आईची तिरडी सांगितली. सांगताना तिचा आवाज चढत गेला. इतकी वर्षं ज्याला हे ऐकवायचं होतं तो समोर बसला होता.

देक्सिपोसचा चेहरा लाल झाला. तो उभा राहिला. "कोण आहे तो हरामखोर? नाव सांगा, बाई! आमच्या मिर्तोबद्दल असं लिहिलं? मी जातो, आत्ता जातो तिच्या भावाकडे. सांगतो त्याला, अरे, मी त्या घरात जेवतो, मी रोज बघतो, यातलं एक अक्षर खरं नाही!" आणि तो खरंच दाराकडे निघाला, शाल उलटी पांघरून. त्याला धरून बसवताना मिर्तोच्या नाकी नऊ आले.

भाऊ केव्हाच मेला होता. पण तो जिवंत असताना जाऊन असं सांगणारा माणूस मिर्तोला मिळाला नव्हता. मित्रांनी तिला समजावलं होतं, लोकांच्या बोलण्याने शहाण्याचं काही जात नाही. तिच्यासाठी शाल पांघरून दाराकडे कुणी निघालं नव्हतं.

त्या दिवशी ती बराच वेळ बागेत बसली. फेदिमोस सांगायचा, शहाणा माणूस झालेल्या गोष्टींतल्या चांगल्या तेवढ्या जपतो आणि वाईट सोडून देतो. आयुष्यभर तिला ते जमलं नाही, हेदिलालाही नाही, खुद्द फेदिमोसलाही पुरतं जमलं असेल असं तिला वाटत नव्हतं. आणि या घराला विकून खाल्लेला हा माणूस, याला मात्र नेमकं तेवढंच उरलं होतं. विसावी, मसूर, हेदिलाचं मीठ. ती हसली, मोठ्याने. घशातून आवाज असा विचित्र आला की तिने चटकन आजूबाजूला बघितलं. हसताना बघायलाही कुणी नव्हतं.

एका सकाळी त्याने विचारलं, "फेदिमोस उठला का?" आणि मिर्तो म्हणाली, "उठला आणि गेलासुद्धा. स्नानगृहात गेलाय. तिथे एकदा गप्पा मारत बसला की तुला माहीत आहे."

देक्सिपोसला बरं वाटलं. "तो आता जेवायलाच उगवणार!"

घराचा नियम इतक्या सहज मोडला. मग रोज मोडत गेला. हेदिला द्राक्षमळ्यात गेलीय. लिसिस बंदरावर मासे बघतोय, आणि दर वेळी फसतो तसा आजही फसून येणार. मिर्तोला ते जमायला लागलं. सकाळी उठताना ती ठरवायची, आज कोणाला कुठे पाठवायचं. कधीकधी ती गेलेल्यांना परतीची घाई लावायची, "हेदिला येईलच एवढ्यात, आभाळ भरून आलंय." आणि बोलता बोलता तिचे स्वतःचे कान रस्त्याकडे लागायचे.

गोर्गोने एकदा हे ऐकलं. "मावशी, तू खोटं बोलतेस? तू? माझ्या सुनेने केलेला मासा कसा झालाय विचारलं, तर तिच्या तोंडावर 'वाईट' म्हणालीस!"

"झालाच होता वाईट."

"मग याला का सांगत नाहीस खरं?"

"रोज सकाळी एकाच माणसाला किती वेळा मारायचं, गोर्गो?"

गोर्गो हात पुसत आपल्या घराकडे वळली. एरवी शेवटचा शब्द तिचाच असायचा.

खरं तर मिर्तोला वाटलं होतं, माणूस आलं की घर भरेल. तसं झालं नाही. त्याचं घर भरलेलं होतं. तिथे सगळे होते, फक्त आत्ता कुठेतरी बाहेर गेलेले. त्या भरलेल्या घरात मिर्तो नावाची एक तरुण बाई होती, तिचं तो कौतुकाने बोलायचा. आणि एक म्हातारी कामवाली होती, तिला तो 'बाई' म्हणायचा, वाडगं घेताना आभार मानायचा. मिर्तोने दोन-चारदा सांगून बघितलं, "अरे, मीच मिर्तो." तो थोडा खजील व्हायचा, वेड्याला समजून घ्यावं तसा हसायचा, आणि विषय बदलायचा. शेवटी तिने सांगणं सोडलं. संध्याकाळी दोघं चुलीपाशी बसायची. तो बोलायचा, ती ऐकायची, आणि तिच्या घरात अजूनही ती एकटीच होती.

पिवळ्या कुत्र्याचं नाव मात्र त्याने सांगितलं. तिने विचारलंही नव्हतं. "कोर्दाक्स कुठे दिसत नाही?" म्हणाला, आणि मिर्तोने डोळे मिटून घेतले. कोर्दाक्स. हो. मागच्या दोन पायांवर नाचायचं म्हणून एका नाचाचं नाव ठेवलेलं.

हिवाळा सरत आला. बदामाला फुलं आली. त्या विसावीला मिर्तोने खारवलेला मासा आणला, थोडं चीज, अंजीर. देक्सिपोसने फार खाल्लं नाही. भाकरीचा तुकडा बोटांत फिरवत बसला. मग दाराकडे बघून हलक्या आवाजात म्हणाला, "बाई, एक विचारू? तुम्ही वयाने मोठ्या आहात."

"विचार."

"मिर्तोशी बोलायचंय मला. म्हणजे, वडील मला किझिकोसला मळा देतायत. मी तिला विचारणार आहे, येशील का म्हणून. फेदिमोसला लग्नाबिग्नाचं आवडत नाही, ठाऊक आहे. पण इथे सगळ्यांशी सारखी मैत्री करायची, तिच्याशीही तेवढीच, हे मला जमत नाही हो. ती सगळ्यांशी हसते. मला वाटतं, माझ्याशी थोडं जास्त हसते. खरं का?"

मिर्तोने हातातलं अंजीर ताटलीत ठेवलं. त्याने तिला असं कधी विचारलं नव्हतं. विहिरीपाशी, बागेत, कधीच नाही. एका सकाळी तो नव्हता, एवढंच तिला ठाऊक होतं. का गेला यावर त्या वेळी विसावीला किती बोलणं झालं होतं. फेदिमोस म्हणाला, कीर्तीची हाव. लिसिस म्हणाला, पैसा. हेदिला काही बोलली नव्हती, मिर्तोकडे बघून वाडगी उचलायला लागली होती.

"आणि ती नाही म्हणाली तर?" मिर्तोने विचारलं.

"मग मी जाईन. मग इथे कसा बसू? रोज समोर बसून मसूर खाऊ?"

तिने स्वतःला तपासून बघितलं. ती नाहीच म्हणाली असती. त्याच्याशी ती जास्त हसत होती हे खरं, कारण तो सगळ्यांत जास्त गमतीचं बोलायचा. पण किझिकोसचा मळा, दाराआडचं बायकांचं दालन, सूत, मुलं, त्यातून तर ती पळून आली होती. नाहीच म्हणाली असती.

"विचार तिला," ती म्हणाली. "न विचारता जाऊ नकोस. ती नाही म्हणेल, मला वाटतं. पण तू इथेच राहा. थोडे दिवस कठीण जाईल. वाटलं तर तिच्याशी भांड. पण जागा सोडू नकोस."

देक्सिपोसने बराच वेळ विचार केला. "नाही म्हणेल?"

"म्हणेल."

"तुम्ही खरं बोलता, बाई," तो म्हणाला. "इथले सगळे खरं बोलतात." आणि हात जड झाल्यासारखे मांडीवर टाकून तो बसून राहिला. सकाळपर्यंत त्याला यातलं काही आठवणार नव्हतं. मिर्तोला आठवणार होतं.

त्यानंतर लवकरच त्याचा पुतण्या आला. आर्तेमोन नाव. खेचरावरून रस्त्यारस्त्याने विचारत आला होता, धुळीने भरलेला आणि खरोखर काळजीत. दारातच त्याने काकाचे पाय धरले. काकाने त्याला ओळखलं नाही, पण आशीर्वाद दिला.

"आजी, तुमचे उपकार कसे फेडू?" तो मिर्तोला म्हणाला. "सगळा हिवाळा आम्ही शोधतोय. समुद्रात गेले असंच धरलं होतं. उद्या सकाळी घेऊन निघतो."

"राहू दे त्याला इथे," मिर्तो म्हणाली. "त्याला इथे सवय झालीय. मी करते त्याचं. मला जड नाही."

आर्तेमोन अस्वस्थ झाला. भला माणूस होता, तोंडाने कठोर बोलता येत नव्हतं. "तुमचं मन मोठं आहे, आजी. पण आमच्याकडे लोक काय म्हणतील? या घराबद्दल तुम्हाला माहीतच आहे काय काय... म्हणजे, काकांनी स्वतःच लिहिलंय ना."

"ते खोटं होतं."

"असेल, आजी. तुम्हाला बघून वाटतंच खोटं असेल. पण एवढी माणसं वाचून बसलीत. त्यांना कोण सांगत फिरणार?"

मिर्तोने त्याच्याकडे बघितलं. सांगत फिरणारा एकच माणूस होता, आणि तो बागेत बदामाखाली उभा राहून फुलं वेचत होता.

निघताना देक्सिपोस खेचरावर बसेना. "विसावीला परत यायचं असेल तरच येतो," म्हणाला. पुतण्याने हो म्हटलं. मग त्याने मिर्तोकडे बोट दाखवलं, "या बाईंना पण घे. यांना एकटं ठेवायचं नाही. बाकीचे सगळे दिवसभर बाहेर असतात."

मिर्तो पुढे झाली. तिने त्याची शाल नीट केली, उलटी होती ती सुलटी केली. "तू जा," ती म्हणाली. "मी असते घरी."

"फेदिमोसला सांगाल ना?"

"सांगेन."

खेचर चढ उतरून गेलं. मिर्तो आत आली. खिडकीखालच्या बाकावरच्या उशीत त्याच्या बसण्याने पडलेला खळगा अजून होता. हेदिला गेली त्या दिवशीची शांतता तिला ओळखीची होती. ही त्याहून वेगळी होती. सगळा हिवाळा तिने घरातल्या माणसांना इकडेतिकडे पाठवलं होतं, आणि आता त्यांच्यातलं कुणीच परतणार नव्हतं. ती चुलीपाशी बसली आणि हेदिलाचं नाव घेऊन रडली. या वेळी गोर्गो नव्हती, कुणीच नव्हतं, आणि तिला थांबावंसं वाटलं नाही.

उन्हाळ्यात किझिकोसचा एक नावाडी निरोप घेऊन आला. आर्तेमोनने सांगितलं होतं, काका गेले. शेवटी शेवटी उठून दाराकडे जायचे, धरून आणावं लागायचं.

"काही दुखत होतं का त्याला?" मिर्तोने विचारलं.

"ते मला नाही ठाऊक, आजी. एवढंच सांगायला सांगितलंय."

तिने त्याला पाणी दिलं, मूठभर शेंगा दिल्या. तो गेल्यावर गोर्गो कुंपणाशी आली. तिच्या कोपरापर्यंत मीठ लागलेलं होतं.

"कोण गं गेलं?"

"देक्सिपोस."

"अगंबाई, तो म्हातारा?" गोर्गोने हात झटकले. मग म्हणाली, "मावशी, मी विचारीन विचारीन म्हणत होते. माझी सासू म्हणायची, तुमच्या घरावर वाईटसाईट लिहिलं तो किझिकोसचाच होता. तोच का हा?"

"तोच."

"आणि तू त्याला जेवू घातलंस? अख्खा हिवाळा? तुझा कोण लागत होता तो?"

मिर्तोने शेंगांची टोपली कमरेवर घेतली. ऊन अजून बरंच वर होतं, वाफ्याची एक बाजू तोडायची राहिली होती.

"आमच्या घरातला होता," ती म्हणाली, आणि वाफ्याकडे वळली.